घराचा विमा आणि दारातील श्वान

दर्यापुरात चंद्रभागेच्या पुराची धास्ती असते. म्हणून गृहकर्जासोबत घराचा विमाही उतरविला जातो. पॉलिसी मात्र फायलीतच राहते, वाचली क्वचितच जाते. १ एप्रिल २०२१ पासूनची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, वीज, वादळ, पूर यांनी झालेली घराची व सामानाची हानी भरून देते. परंतु राखणीच्या रॉटवायलरने शेजारच्या मुलाला चावा घेतला, तर या मूळ पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालण्याचे राज्यांना कळविले. एप्रिलमध्ये कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केले आणि श्वानमालक निर्धास्त झाले. हे निर्धास्तपण फसवे आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ श्वानाची जात पाहत नाही, मालकाचा निष्काळजीपणा पाहते: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरपाईचा दिवाणी दावा निराळाच.

अमेरिकेत घरविम्यातच ही जबाबदारी सहसा अंतर्भूत असते; म्हणून तेथील अनेक कंपन्या जात विचारतात, प्रसंगी विमाही नाकारतात. येथे कोणी विचारत नाही, कारण देणेच नसते! काही कंपन्यांच्या श्वानविम्यात त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण मिळते; त्याची मर्यादा आणि वगळलेल्या बाबी मात्र हप्ता भरण्यापूर्वीच वाचाव्यात.