‘करमत नाही’ला रकाना कुठला?

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. आमच्या कॉलेजपासून बारा-तेरा किलोमीटरवरची वस्ती. दुसऱ्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी मांडीवर फाईल घेऊन ओट्यावर बसली होती, समोर तिच्याच वयाचा मुलगा. मी शेजारच्या घरापुढे उभी होते, पण सगळं ऐकू येत होतं.

“गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला शांत आणि निवांत वाटलं का? नेहमी, बहुतेक वेळा, अर्ध्याहून जास्त वेळ...” तिने पर्याय वाचायला सुरुवात केली.

मुलगा हसला. “निवांतच हाय की ताई. घरात हाय कोन?”

तिने ‘नेहमी’वर खूण केली. पाचपैकी पाच गुण. पान उलटणार, एवढ्यात तो खाली बघत म्हणाला, “पन करमंना.”

तिचं पेन थांबलं. फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहून तिने मला हाक मारली, “मॅडम, ‘करमत नाही’ कुठल्या रकान्यात लिहू?”

मला सांगता आलं नाही. शेवटी तिने ते समासात लिहिलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते ती गुढीपाडव्याच्या आसपास परतते. लहान पोरं आईबापाबरोबर जातात, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. कॉलेजातला मुलगा मात्र मागे राहतो. आजी, दोन शेळ्या आणि पाणी भरायची पाळी त्याच्याकडे. माझ्या वर्गातली निम्मीअधिक मुलं अशा घरांतली आहेत. म्हणून यंदाच्या प्रकल्पाला विषय तोच घेतला: मागे राहिलेल्या तरुणांचं कसं चाललंय?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आला. दोन क्रेडिट, म्हणजे साठ तासांचं काम. कल्पना चांगली आहे, पण प्रकल्प या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. अकरावी-बारावीचा पर्यावरण प्रकल्प आठवा. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगसकट तयार मिळतो. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, आभार, सगळं आत असतं. फक्त नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा. त्याचा नवा अवतार म्हणजे गूगल फॉर्म. दुपारी लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकायची, मित्रांनी भरायची, संध्याकाळी रंगीत वर्तुळं हजर. ज्याच्या फोनमध्ये रिचार्ज आहे आणि ज्याला वेळ आहे, त्याचंच मत त्यात येतं. आम्हाला हवा होता तो मुलगा त्या वेळी हापशावर असतो.

म्हणून मी एकच अट घातली. फॉर्म घेऊन पायी जायचं.

प्रश्नावली आम्ही बनवली नव्हती, आयती घेतली होती. जागतिक आरोग्य संघटनेची ‘डब्ल्यूएचओ-५’ ही १९९८ पासून जगभर वापरली जाते. साधी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं: आनंदी वाटलं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. तेरापेक्षा कमी आले तर या माणसाशी जरा नीट बोलायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. तो आजाराचा शिक्का नव्हे. हे मी विद्यार्थ्यांना चार वेळा सांगितलं, तरी एकाने पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, माझे अकरा आले, मला डिप्रेशन आहे का?” नव्हतं. आदल्या रात्री तो शेताला पाणी द्यायला जागा होता.

घोटाळा भाषांतरात होता. ते मी एका रात्रीत बसून केलं होतं आणि स्वतःवर खूश होते. ‘निवांत’ हा शब्द मला किती गोड वाटला होता! पण रिकाम्या घरातल्या मुलासाठी निवांत म्हणजे ज्याच्याशी बोलायला कोणी नाही तो. माझ्या शब्दाने त्याच्या एकटेपणाला पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही फॉर्म बाजूला ठेवले आणि फळ्यावर शब्द लिहिले. घरात, वस्तीवर, मित्रांत मन ठीक नसलं की लोक काय म्हणतात? हात वर येत गेले. टेन्शन आलंय. मन लागत नाही. डोक्याला ताप झालाय. जीव घाबरा होतो. कशात राम वाटत नाही. करमंना. फळा भरला, पण ‘नैराश्य’ कोणीही सांगितलं नाही. तो शब्द आमच्याकडे पाठ्यपुस्तकात राहतो.

सर्वमान्य प्रश्नावलीत आपल्या मनाने फेरफार करायचे नसतात, नाहीतर गुणांना अर्थ उरत नाही. आधी मराठीत आणायचं, दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत करून घ्यायचं, दहा-बारा जणांवर करून बघायचं, ही रीत असते. ती मी पाळली नव्हती. मग ती पाच विधानं नीट तपासून घेतली आणि त्यांच्याखाली आमचा एक साधा उघडा प्रश्न जोडला: ‘या दिवसांत करमतं का? नसेल तर कधी करमत नाही?’ त्याला गुण नाहीत. खाली चार कोऱ्या ओळी.

त्या ओळी भरत गेल्या. करमत नाही ते दिवसा नव्हे, दिवेलागणीला. उसाच्या फडातून फोन येतो तो रात्री उशिरा, रेंज असली तर. तोवर झोप येत नाही. एकाने लिहून घ्यायला लावलं की, चुलीपुढे बसलं की आईची आठवण येते, पण हे मित्रांना सांगता येत नाही. हे कुठल्याही वर्तुळाच्या आकृतीत दिसलं नसतं.

दुसरी अडचण आजीची. आजी दाराआड उभी राहते. नातवाला विचारलं, “रात्री झोप लागते का?” की आतून उत्तर येतं, “लागती की! दोन भाकरी खातोय.” मग जोडीने जायचं ठरलं. एकाने आजीशी शेळ्यांबद्दल बोलत बसायचं, दुसऱ्याने ओट्यावर प्रश्न विचारायचे. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला गोपनीयता म्हणतात. आमची मुलं म्हणायची, “आज आजीला कोण घेणार?”

आणि तिसरी गोष्ट, जी त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिली. अठरा ते एकवीस वयाच्यांची यादी केली तर मुलगेच मुलगे. मी म्हटलं, मुली राहून गेल्या असतील, पुन्हा फिरा. ते फिरले आणि परत येऊन म्हणाले, “राहून नाही गेल्या मॅडम, गेल्याच आहेत.” कोणी लग्न होऊन दुसऱ्या गावी, कोणी नवऱ्याबरोबर फडात, कोयत्याची अर्धी बाजू होऊन. मागे एकटी मुलगी ठेवायची कशी, या भीतीपोटी लग्नं लवकर उरकतात, हे आम्हाला माहीत होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. आमच्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. हा आकडा मी दरवर्षी शिकवते. पण मुलांनी आपल्या हाताने केलेल्या यादीत तो सापडला, तेव्हा वर्ग गप्प झाला. जे माणूस घरी भेटत नाही, त्याची नोंदही सर्वेक्षणात करावी लागते.

मुलांनी आपल्याच वस्तीचा अभ्यास करणं ही काही आमची नवी युक्ती नव्हे. मुंबईत ‘पुकार’ ही संस्था २००५ पासून तरुणांच्या गटांना वर्षभराची फेलोशिप देत आली आहे; विषय त्यांचे, भाषा त्यांची. संस्थेचे एक संस्थापक, मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये संशोधन हा हक्क आहे अशी मांडणी केली. आपल्या जगण्याविषयी नीट माहिती काढणं हे फक्त पीएचडीवाल्यांचं काम नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ.

याच संस्थेच्या वस्तीतल्या तरुण संशोधकांनी मुंबईच्या गोदीजवळच्या कौला बंदर झोपडपट्टीत घरोघर जाऊन माहिती गोळा केली. तेव्हा जमीन पोर्ट ट्रस्टची होती, वस्ती अधिसूचित नव्हती, म्हणून पालिकेचं नळाचं पाणी नव्हतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यातल्या एका अभ्यासात ५२१ जणांच्या मानसिक आरोग्याची विचारपूस झाली आणि सुमारे तेवीस टक्के लोकांना त्रासाचा मोठा धोका असल्याचं दिसलं. तिथेही लोक ‘टेन्शन’ म्हणत होते. त्या टेन्शनची मुळं पाणी, संडास, घर पाडलं जाण्याची भीती यांत होती. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे आपल्याकडे उचल.” बरोबर होतं. मन बिघडलं की आपण मन समजावायला बसतो; हा मुलगा कर्जाकडे बोट दाखवत होता.

अशा कामात एक जोखीम असते आणि ती शिक्षकाने पत्करायची असते. विचारलं की कोणीतरी खरं सांगतं. म्हणून आम्ही अठराच्या आतल्या कोणालाही प्रश्न विचारले नाहीत. त्यांच्या आईवडिलांची संमती घ्यायची तर ते फडात. नाव लिहायचं नाही, नको म्हटलं तर उठायचं. आणि जगणं नकोसं झालंय असं कोणी बोललं, तर फॉर्म मिटायचा, माणसाजवळ बसायचं, त्याच दिवशी मला सांगायचं. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी फाडून द्यायची चिठ्ठी होती, तिच्यावर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. बऱ्याच चिठ्ठ्या खिशात गेल्या. किती फोन झाले, ते विचारायचा आम्हाला अधिकार नाही.

आता माझी चूक सांगते. आदल्या वर्षीही आम्ही त्याच वस्तीवर पिण्याच्या पाण्याची पाहणी केली होती. फायली जमा झाल्या, गुण दिले, कपाट बंद. यंदा गेलो तेव्हा एका आजीने मला ओळखलं. “बाई, मागल्या साली लिहून नेलतं, त्याचं काय झालं?” मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आजीने चहा दिला, पण प्रश्न मागे घेतला नाही.

म्हणून यंदा निष्कर्ष गावात वाचून दाखवायचे ठरवले. मुलं म्हणाली, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचू. मग त्यांनाच हसू आलं, कारण जानेवारीत ग्रामसभेला यायला गावात आहे कोण? ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर, १ मेच्या ग्रामसभेत, आमच्या दोन विद्यार्थ्यांनी दीड पानाचं टिपण वाचलं. एकही नाव नाही, एकही इंग्रजी शब्द नाही. ‘दिवेलागणीला करमत नाही’ हे वाक्य आलं तेव्हा पुढे बसलेल्या दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. कारण आपला पोरगा फोनवर ‘मजेत हाय’ म्हणतो, हेच त्यांना माहीत होतं.

ठरलं ते एवढंच: पुढच्या हंगामात शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवायची. वीजबिल कोणी भरायचं यावर अर्धा तास वाद झाला. किल्ली कोणाकडे राहणार, तेही लिहून घेतलं. उचल, लग्नं, ऊस यांतलं काही हललं नाही, आणि साठ तासांच्या प्रकल्पाने ते हलेल असं मी मुलांना कधी सांगितलंही नव्हतं.

तुमच्या दारातही एखाद दिवशी फाईल घेऊन दोन मुलं येतील. त्यांना दहा मिनिटं द्या, पाणी विचारा, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नसलं तरी जे खरं आहे ते सांगा. ती निघाली की मात्र आमच्या त्या आजीसारखं विचारून ठेवा: लिहून नेताय, परत सांगायला कधी येणार?