विहिरीची ओली भिंत

एप्रिलात जालना तालुक्यातल्या एखाद्या विहिरीची मोटार बंद झाली, की काठावरून खाली वाकून बघा. पाणी तळाला गेलेलं असतं, पण पाण्याच्या वर हात-दोन हात भिंत ओलीगच्च असते. मुरमातून, मांजऱ्या खडकाच्या भेगांतून थेंब घरंगळत असतात. आपण 'पाझर आहे अजून' म्हणतो आणि घरी जातो.

त्या ओल्या पट्ट्याशी एक रशियन बाई झुंजल्या. पेलागेया पोलुबारिनोवा-कोचिना. नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून कोचिनाबाई म्हणू.

जन्म १८९९चा, व्होल्गाकाठच्या आस्त्राखानचा. वडील १९१८ मध्ये गेले आणि पेट्रोग्राडमध्ये शिकता शिकताच त्यांनी नोकरी धरली. तिथे त्यांना वरिष्ठ लाभले अलेक्झांडर फ्रीडमन. विश्व प्रसरण पावू शकतं हे समीकरणांतून दाखवणारे तेच. निकोलाय कोचिन हा सहकारीही तिथलाच. १९२५ मध्ये दोघांनी लग्न केलं.

आता प्रश्न काय होता ते बघू. नळातलं पाणी नळाच्या आतच राहतं, त्याची हद्द आधीच ठरलेली. जमिनीतल्या पाण्याचं तसं नाही. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम फ्रान्सच्या दार्सी यांनी १८५६ मध्ये दिला होता. पण मातीतल्या पाण्याची वरची कड नेमकी कुठे आहे? ती कड कळल्याशिवाय प्रवाह मांडता येत नाही आणि प्रवाह कळल्याशिवाय कड सापडत नाही. बी आधी की झाड, तसलाच तिढा. पूर्वीचे अभियंते ही कड विहिरीतल्या पाण्याला गुपचूप नेऊन टेकवत. ओली भिंत हिशेबातून गायब!

गंमत अशी, की जमिनीचा नकाशा बाजूला ठेवून पाण्याच्या वेगांचा नकाशा काढला, तर ती अनोळखी कड चक्क वर्तुळाचा कंस होते. म्हणजे तिचा आकार आधीच कळला. या दोन नकाशांमधला पूल कोचिनाबाईंनी संमिश्र संख्या आणि विकलक समीकरणांनी बांधला, आणि मातीच्या आयताकृती धरणातून पाणी कसं झिरपतं याचं उत्तर काढलं, ओल्या पट्ट्यासकट.

दुसऱ्या महायुद्धात मुली आणि आईला घेऊन त्या मॉस्कोहून कझानला गेल्या. कोचिन तिथेच मॉस्कोत राहिले. १९४४च्या शेवटच्या दिवशी ते वारले. त्यांची अर्धवट राहिलेली व्याख्यानं बाईंनीच पुरी केली. १९५२ मध्ये भूजलाच्या गतीवरचा बाईंचा जाडजूड ग्रंथ आला, दहा वर्षांनी प्रिन्स्टनहून त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. साठीला आपल्याकडे निरोपाचा नारळ देतात. त्या त्या वयात सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला नवी संस्था उभी करायला गेल्या, आणि दहा-अकरा वर्षं राहिल्या. वयाची शंभरी पुरी करून १९९९च्या जुलैत गेल्या.

त्यांचं गणित एकसारख्या वाळू-मातीचं. आपला दख्खनचा काळा पाषाण त्याला सहजी जुमानत नाही. इथे पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि चिरांत असतं, मधला सलग कातळ ठणठणीत कोरडा. म्हणून तर बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींत आडवं बोअर मारलं, तर एकीत बोटभर धार लागते आणि दुसरीत नुसता भुगा येतो.