नागरिकशास्त्राचा पेपर झाला, पुढे काय?

इंदुरातल्या आपल्या घरांत नववी-दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्राबद्दल विचारून पाहा. ‘पाठ करायचं, लिहायचं, विसरायचं’, असंच बहुतेक जण सांगतात. राज्यसभेची मुदत तोंडपाठ असते. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे मात्र बाबांना विचारावे लागते. (बाबांनाही कधी कधी आठवत नाही!) महापालिकेचे वॉर्ड ८५; नळ, दिवे, ड्रेनेजची तक्रार तिथूनच सुरू होते. पण हीच मुले ओला-सुका कचरा एकत्र टाकला म्हणून आजीला टोकतात. म्हणजे कंटाळा पुस्तकाचा आहे, विषयाचा नाही.

मतदानाचे वय १९८९ पासून १८ आहे, हे त्यांना ठाऊक असते. पण २०२२ पासून १७ पूर्ण होताच आगाऊ अर्ज करता येतो, हे फारसे कुणाला माहीत नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. वाढदिवस २ जानेवारीला असला की वर्ष वाया. आता १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. फॉर्म ६ भरायचा, ऑनलाइन किंवा बीएलओकडे. अठरा पूर्ण झाल्यावर नाव यादीत येते.

बारावीनंतर मुले पुण्याला, बंगळुरूला शिकायला जातात. नाव घरच्या पत्त्यावर ठेवायचे की वसतिगृहाच्या, हे त्यांनी ठरवावे. दोन्हीकडे मात्र चालत नाही. इथे ठेवले तर मतदानाला यावेच लागेल, विद्यार्थ्यांना टपालाने मत देता येत नाही. तिकिटाचा खर्च कोण देणार, तेही आताच बोलून घ्या.