चार दिवस मुंबईचे, नाटकं किती?

दिवाळीची सुटी, डोंबिवलीला पुतण्याकडे मुक्काम आणि हातात चार संध्याकाळी. आम्ही सांगलीची माणसं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' आमच्याच गावात रंगभूमीवर आणलं, त्यामुळे नाटकाचं वेड आम्हाला उपजतच, असं आम्ही समजतो. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "राणीचा बाग नको, चौपाटी नको. मुंबईत जातोय तर चांगलं नाटक दाखव." आईचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

मी उत्साहाच्या भरात चार संध्याकाळींची चार नाटकं ठरवली. जाहिरातीतलं नटाचं नाव मोठं दिसलं की तिकीट काढलं, असा हिशेब! पहिल्याच दिवशी रात्री साडेआठचा प्रयोग, बाल्कनीतल्या मागच्या खुर्च्या. जिने चढता चढता आईला धाप लागली. खालून हशा यायचा आणि आई माझ्याकडे बघायची, "काय म्हणाला रे?" मध्यंतरात ती म्हणाली, "तुम्ही बघा. मी खाली बाकावर बसते." दुसरा अंक मी पाहिला खरा, पण त्यातलं काही आठवत नाही. घरी पोचायला साडेबारा वाजले. उरलेल्या तीन नाटकांना आई आलीच नाही.

त्या फजितीनंतर मी नाटक निवडायला शिकलो. तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट, मराठी नाटकाला घर नसतं. लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' हे नाटक १९७४ पासून सेंट मार्टिन्स या एकाच थिएटरात चालतं. मधे करोनाचा खंड पडला, तेवढाच. आपल्याकडे नाटक नेपथ्यासकट फिरतं. आज दादरच्या शिवाजी मंदिरात, उद्या पार्ल्याच्या दीनानाथला, परवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनला. मुलुंडचं कालिदास आहे, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आहे. म्हणून आधी नाटक ठरवून त्यामागे धावू नका. आपला मुक्काम कुठल्या रेल्वेमार्गावर आहे ते पाहा आणि मग त्या बाजूला काय लागलंय ते बघा. आम्ही डोंबिवलीत असताना ठाणे, मुलुंड सोडून मी बोरिवलीचं तिकीट कशाला काढावं?

दुसरी गोष्ट वाराची. मराठी व्यावसायिक नाटकांचे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी असतात. म्हणून मुंबई दर्शन आठवड्याच्या मधल्या दिवसांत उरका आणि शनिवार-रविवार नाटकाला ठेवा. मधल्या वारी नाटक बघायचंच असेल, तर जुहूचं पृथ्वी थिएटर किंवा नरीमन पॉइंटचं एनसीपीए यांचे कार्यक्रम पाहावेत. तिथे हिंदी, इंग्रजी नाटकंही असतात. घरात मराठी न समजणारी सून किंवा जावई असेल तर हा मार्ग बरा. पृथ्वी १९७८ मध्ये सुरू झालं. जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, त्यामुळे नटाचा श्वासही ऐकू येतो. मात्र उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. जुहूच्या रहदारीचा अंदाज घेऊन तासभर आधीच निघा.

तिसरी गोष्ट वेळेची. नाटक संध्याकाळीच बघायचं, असा आपला समज असतो. पण दुपारी चारचा प्रयोग साडेसहाच्या सुमारास सुटतो आणि अख्खी संध्याकाळ हातात राहते. रात्री साडेआठचा सुटेपर्यंत अकरा वाजतात. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर चारचाच प्रयोग घ्या. फक्त रविवारी दुपारी रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे, हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रात जरूर पाहा. नाहीतर तिसरी घंटा तुम्ही फलाटावरच ऐकाल!

चौथी गोष्ट जागेची. आता मोबाइलवर तिकीट काढताना खुर्च्यांचा नकाशाच समोर येतो. अगदी पहिली रांग घेऊ नये, मान अवघडते. चौथ्यापासून आठव्या रांगेपर्यंत चेहरेही दिसतात आणि पूर्ण रंगमंचही. ज्येष्ठांसाठी कडेची खुर्ची घ्या. जिने किती, लिफ्ट आहे का, हे नाट्यगृहात फोन करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मी विचारलं नव्हतं.

आता नाटक कोणतं? जाहिरातीतल्या विशेषणांवर जाऊ नका. लेखक कोण, दिग्दर्शक कोण ते वाचा. प्रयोगांचा आकडा बघा. शुभारंभाच्या प्रयोगात नाटक अजून बसत असतं, पन्नासाव्यापर्यंत ते मुरतं. जुनं नाटक नव्या संचात आलं असेल तर जरूर विचार करा. १९९१ चं 'चारचौघी' २०२२ मध्ये पुन्हा आलं, तेव्हा आई आणि मुलगी शेजारी बसून ते बघू शकल्या. आणखी एक, गाजलेली नाटकं दौऱ्यावर निघतात, आज ना उद्या सांगली-कोल्हापूरलाही येतात. तेव्हा आपल्या गावात येण्याची शक्यता कमी, असं छोटं, प्रायोगिक नाटक मुंबईत बघावं.

आणि शेवटचं, चार संध्याकाळींत चार नाटकं नकोत. दोन पुष्कळ झाली. पाहिलेल्या नाटकावर घरी बोलायला एक संध्याकाळ रिकामी हवी.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला एकच नाटक. शनिवारी दुपारी चारचा प्रयोग, चौथी रांग, कडेची खुर्ची. एका विनोदाला तर आई माझ्याआधी हसली. मध्यंतरात तिने बटाटावडा मागितला आणि घंटा झाल्यावर मलाच म्हणाली, "चल लवकर, सुरू होईल."

सांगलीला परतल्यावर शेजारणींना तिने ते नाटक सगळं सांगितलं, दुसऱ्या अंकासकट.