दांडा किती कलला? मोजा एक, दोन, तीन…

विमानाच्या खेळात जॉयस्टिकचा दांडा जरासा कलवला की पडद्यावरचं विमान जरासंच वळतं. पूर्ण कलवला की गर्रकन फिरतं. बटणाचं कोडं सोपं आहे. ते एकतर दाबलेलं असतं, नाहीतर सोडलेलं. पण दांडा ‘थोडासाच’ कललाय, हे संगणकाला कसं समजत असेल? त्याला तर फक्त 0 आणि 1 कळतात!

1981 साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं गेलं ते मला फार आवडतं. त्या पीसीत एक जादा कार्ड बसवता यायचं. कार्डाच्या मागे 15 भोकांचं सॉकेट होतं, त्याचं नाव गेम पोर्ट. जॉयस्टिकची वायर त्यात खोचायची.

जॉयस्टिकच्या पोटात दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक डावी-उजवीकडच्या हालचालीसाठी, दुसरा पुढे-मागे होण्यासाठी. जुन्या रेडिओचा आवाज ज्या चकतीने कमी-जास्त करतात, तिच्याखालीही हाच भाग असतो. दांडा एका टोकाला असला की पोटेन्शिओमीटरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या टोकाला गेला की साधारण 1 लाख ओहम.

पण संगणकाला रोधही मोजता येत नाही. मग?

मग तो वेळ मोजतो! कार्डावर प्रत्येक पोटेन्शिओमीटरसाठी एक चिमुकला कॅपॅसिटर असतो. खेळ कार्डाला इशारा देतो, की जॉयस्टिकमधून येणारी वीज त्यात भरू लागते. नळाखाली बादली लावली आणि नळ किती सोडलाय ते न बघता नुसतं बादली भरेपर्यंत आकडे मोजले, तर धार बारीक आहे की मोठी ते कळेलच ना? तसंच हे. रोध कमी असेल तर कॅपॅसिटर एका सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या दोन-तीन पटींत भरतो, रोध भरपूर असेल तर साधारण एक हजारावा भाग लागतो. तोवर संगणक विचारत राहतो, “भरला? भरला?” कार्ड 1 सांगतं, म्हणजे अजून नाही. 0 आला की मोजणी थांबली. जितक्यांदा विचारलं, तितका दांडा कललेला!

बटणांना मोजणी लागत नाही, पण त्यांची रीत उलटी: सोडलेलं बटण 1, दाबलेलं 0. चार दिशामापक, म्हणजे पोटेन्शिओमीटर, आणि चार बटणं, अशा आठच खुणा एका बाइटमध्ये मावत. त्यातच दोन जणांच्या जॉयस्टिक भागवायच्या. त्याहून जास्त बटणं हवी असली की कारागीर युक्त्या लढवत. थ्रस्टमास्टर कंपनीच्या एका जॉयस्टिकमध्ये माथ्यावरचं चार दिशांचं बटण न वापरलेल्या दिशामापकाच्या तारेला जोडलं होतं. दिशा बदलली की रोध बदलायचा, आणि खेळाने त्यावरून दिशा ओळखायची. काय डोकं आहे!

आता एक गंमत. समजा, एका संगणकाने दांडा मधोमध असताना 50 पर्यंत मोजलं. दहापट वेगाने मोजणारा संगणक तेवढ्याच वेळात 500 पर्यंत जाईल. दांडा तोच, आकडा भलताच! म्हणून त्या काळचे बरेच खेळ सुरुवातीला सांगत, दांडा वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, आता खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या. कंटाळवाणं वाटायचं, पण त्याशिवाय मधला भाग कुठला हे संगणकाला कळणार तरी कसं?

1996 मध्ये यूएसबी आलं, आणि हळूहळू मोजायचं काम जॉयस्टिकच्याच आतल्या चिपकडे गेलं. आता जॉयस्टिक स्वतःला किती बटणं आहेत हेसुद्धा आपणहून सांगते. जुनी जॉयस्टिक नव्या संगणकाला जोडायची तर मध्ये एक छोटी डबी लागते. तिच्यातली चिप कॅपॅसिटर भरेपर्यंत मोजते आणि तयार आकडा यूएसबीतून पाठवते.

तुमच्या शाळेत किंवा घरी जुना संगणक पडून असेल, तर त्याची पाठ बघा. 15 भोकं दोन ओळींत, 8 आणि 7, असतील तर तो बहुधा गेम पोर्ट. तीन ओळींत पाच-पाच असतील तर ती मॉनिटरची जागा, तिथे जॉयस्टिक लावू नका. आणि जुनी जॉयस्टिकच सापडली तर ती कशालाही न जोडता, मोठ्यांच्या मदतीने मल्टिमीटर रोधावर ठेवून, एक टोक पहिल्या पिनला आणि दुसरं तिसऱ्या पिनला लावा. दांडा डावी-उजवीकडे हळूहळू कलवा आणि आकडा बघत राहा. मग दुसरं टोक सहाव्या पिनला लावा आणि दांडा पुढे-मागे करा.