बंगालचा दुष्काळ जगाला दिसला तो फोटोंमुळे

१९४३. बंगालमध्ये माणसं भुकेनं मरत होती आणि सरकार ‘दुष्काळ’ हा शब्द उच्चारायला तयार नव्हतं. युद्धकाळ, त्यात बातम्यांवर सेन्सॉर. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी ओळखलं, की निर्बंध शब्दांवर आहेत, छायाचित्रांवर नाहीत. २२ ऑगस्टला त्यांनी कलकत्त्याच्या फुटपाथवरच्या बायामुलांचे फोटो छापले. फासळ्या मोजाव्यात अशी शरीरं! पुढच्या रविवारी आणखी छापले. दिल्ली, लंडन, वॉशिंग्टनपर्यंत खळबळ उडाली. अग्रलेखांना जे जमत नव्हतं, ते या चित्रांनी केलं.

त्याच काळात कम्युनिस्ट नेते पी. सी. जोशी यांनी सुनील जाना या तरुणाला कॅमेऱ्यासह बंगालच्या गावांत नेलं. सोबत चित्रकार चित्तप्रसाद. ते फोटो आपल्या मुंबईतून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये छापून आले.

आकडा ऐकून आपण हळहळतो, पण डोळ्यांसमोर येतो तो चेहरा. बंगाल कधी न पाहिलेल्या वाचकालाही त्या फोटोंतली आई परकी वाटेना, याचं कारण हेच असावं असं मला मनापासून वाटतं. अर्थात, फोटो उशिराच आले. सुमारे ३० लाख माणसं गेली, असा अंदाज आहे.

सुनील जानांचे फोटो इंटरनेटवर सापडतात. जरूर पाहा. आणि घाईनं पुढे सरकू नका, प्रत्येक फोटोखालची ओळही वाचा.