पडद्यावरचा किरणोत्सर्ग आणि भंगारातला

अणुदुर्घटनेवरचा सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर अणुभट्टीच येते. विदर्भात अणुवीज केंद्र नाही, त्यामुळे हा विषय आपला नाही असं नागपूरकरांना वाटणं साहजिक आहे. पण अशा आपत्तीत काय करायचं हे देशाला शिकवणारी संस्था आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये उभी राहिली. १९५७ साली सुरू झालेलं आणि पुढे एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झालेलं हे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय.

किरणोत्सर्गापासून बचावाचे नियम जगभर तीनच आहेत: जवळ कमीत कमी वेळ थांबा, अंतर वाढवा, मध्ये आडोसा ठेवा. छोट्या स्रोतापासूनचं अंतर दुप्पट केलं, तर मात्रा चौथाईवर येते. सिनेमे हे क्वचितच सांगतात.

सिनेमांनी भीती मात्र भरपूर दिली. १६ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत अणुभट्टीतल्या बिघाडावरचा ‘द चायना सिन्ड्रोम’ लागला आणि बाराव्या दिवशी थ्री माइल आयलंडची अणुभट्टी खरोखरच बिघडली. २०१९ च्या ‘चेर्नोबिल’ मालिकेने तर घराघरांत धडकी भरवली. अधिकाऱ्यांची लपवाछपवी तिने फार ताकदीने दाखवली, त्याला तोड नाही. पण किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्या अग्निशमन जवानाजवळ थांबलेल्या त्याच्या गरोदर बायकोचा प्रसंग पाहून किरणोत्सर्ग साथीच्या रोगासारखा एकाकडून दुसऱ्याला लागतो, असा समज होतो. चेर्नोबिलच्या रुग्णांवर उपचार केलेले अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गेल यांनी यालाच आक्षेप घेतला.

शेकोटीजवळ बसलेल्याचं अंग तापतं, पण म्हणून त्याच्या शेजारचा भाजत नाही. निखाराच कपड्यात अडकला, तर गोष्ट वेगळी. किरणोत्सर्गाचंही तसंच आहे. नुसते गॅमा किरण अंगावर पडले, तर माणूस आजारी पडेल, पण त्याच्यापासून इतरांना धोका नाही. किरणोत्सर्गी धूळ अंगाला लागली असेल, तर ती पसरते. तेव्हा कपडे उतरवून अंग धुतलं की बाहेरची बहुतेक धूळ जाते. हा फरक माहीत नसला की लोक रुग्णाला वाळीत टाकतात.

हा फरक समजून घेण्यासाठी पाहावा असा सिनेमा म्हणजे रोबेर्तो पिरेस यांचा १९९० चा ब्राझिली चित्रपट, गोयानिया शहरातल्या सीझियम-१३७ च्या दुर्घटनेवरचा. इथे अणुभट्टी नाही, स्फोट नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून कॅन्सरवरच्या उपचाराच्या यंत्राचा भाग उचलला आणि भंगारवाल्याला विकला. आतली सीझियमची पूड अंधारात निळसर चमकायची. काहीतरी मौल्यवान आहे असं समजून भंगारवाल्याने ती नातेवाइकांत वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला चोळली आणि त्याच हातांनी ती जेवली. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोला शंका आली. तिने ती वस्तू पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात नेली. तिच्यामुळेच खरा प्रकार उघडकीस आला. ती वाचली नाही, मुलगीही वाचली नाही. चौघे दगावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं, लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. मुलीला शिशाचं अस्तर लावलेल्या पेटीत पुरायला नेलं, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी दगडफेक केली.

आपल्याकडेही हे घडलं आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने कित्येक वर्षं पडून असलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात काढलं आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचलं. आतल्या कोबाल्ट-६० च्या कांड्या उघड्या पडल्या. एक कामगार गेला, काहींना गंभीर इजा झाली. कोबाल्ट हा घन धातू आहे, तो पुडीसारखा हवेत उडत नाही. म्हणून गोयानियाएवढा पसारा झाला नाही.

मराठी दिग्दर्शकाने अणूच्या धोक्यावर केलेलं मोठं काम म्हणजे आनंद पटवर्धनांचा २००२ चा माहितीपट ‘जंग और अमन’. ११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेला, पोखरणला अणुचाचण्या झाल्या. दीक्षाभूमीच्या शहराला ती तिथी खटकणारच. त्या चाचण्यांनंतरच्या उन्मादाला या माहितीपटाने प्रश्न विचारले. सेन्सॉर बोर्डाने एकवीस काटछाटी सुचवल्या, पटवर्धन न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो न कापता दाखवू दिला. तो नागपुरात पुन्हा दाखवला जायला हवा. पण तो बॉम्बबद्दल आहे. भंगारात येणाऱ्या धोक्यावर एखादा छोटा मराठी सिनेमा हवा, आणि तो भंगार वेचणाऱ्यांच्या वस्तीतच दाखवायला हवा. किरणोत्सर्गी स्रोत कॅन्सर रुग्णालयांत असतात, तसेच वेल्डिंग तपासणाऱ्या उपकरणांतही असतात.

पिवळ्या पाटीवरचं तीन पात्यांचं काळं चिन्ह अनेकांना कळत नाही. म्हणूनच २००७ मध्ये लाटा, कवटी आणि पळणारा माणूस असलेलं लाल चिन्ह आणलं गेलं. यांपैकी कुठलंही चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानाने भलतीच जड अशी शिशाची पेटी भंगारात दिसली, तर ती कापू नका, उघडू नका, घरी नेऊ नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ वर फोन करा.